केंब्रिजचे पदक आणि वेल्सची खुर्ची

आयस्तेद्वोद हा वेल्समध्ये भरणारा काव्य आणि संगीत यांच्या स्पर्धांचा मेळा. गावातल्या चॅपलमध्ये एका संध्याकाळी पार पडणाऱ्या छोट्या स्पर्धेपासून ऑगस्टच्या आरंभी आठ दिवस चालणाऱ्या राष्ट्रीय आयस्तेद्वोदापर्यंत त्याची अनेक रूपे आहेत. समूहगान, काव्यपठण, हार्पवादन, नृत्य, नाटक, गद्यलेखन अशा सगळ्यांच्या स्पर्धा तिथे होतात. पण पहिला मान कवितेचा. वृत्तबद्ध दीर्घकाव्याला खुर्ची आणि वृत्ताचे बंधन नसलेल्या रचनेला मुकुट, ही तिथली सर्वांत मोठी पारितोषिके. खुर्ची दरवर्षी नवी घडवतात आणि विजेता कवी ती आपल्या घरी नेतो.

इंग्लंडच्या पूर्वेकडचे केंब्रिज या परंपरेपासून नकाशावर दूर आहे, इतिहासात मात्र जवळ आहे. वेल्श कवितेच्या सर्वांत जुन्या लिखित ओळींपैकी काही तिथल्या ग्रंथालयात आहेत. आयस्तेद्वोदातून मिळणाऱ्या पदवीला सर्वांत तिखट आव्हान दिले ते केंब्रिजच्या एका पदवीधराने. आणि या विद्यापीठाने 1750पासून स्वतःच्या काव्यस्पर्धाही चालवल्या. त्यामुळे स्पर्धेने कवितेचे भले होते का, हा प्रश्न तपासायला केंब्रिज सोयीचे ठिकाण आहे. स्पर्धा दोन्हीकडे होत्या, मानही दोन्हीकडे होता. तरी वेल्समधल्या स्पर्धेने एका भाषेची कविता लोकांच्या हाती राखली आणि केंब्रिजच्या स्पर्धेतून बहुतेक विसरल्या गेलेल्या कविता निघाल्या. या फरकाचे कारण बक्षिसाच्या आकारात सापडत नाही. निकाल कोण देतो, कोणासमोर देतो आणि कारणे सांगून देतो का, यात ते आहे.

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक लॅटिन हस्तलिखित आहे. युवेंकस नावाच्या चौथ्या शतकातल्या कवीने येशूचे चरित्र लॅटिन पद्यात रचले होते, त्याची ही नवव्या शतकातली प्रत वेल्समध्ये लिहिली गेली. तिच्या मोकळ्या जागांत पुढे कुणीतरी वेल्श भाषेतली कडवी लिहून ठेवली. ही कडवी एंग्लिन या छंदातली. एका ठिकाणी नऊ आहेत, त्यांत देवाची स्तुती आहे. दुसऱ्या ठिकाणी तीन आहेत, त्यांत आपल्या माणसांच्या विरहात बसलेल्या एका योद्ध्याचे मन आहे. लॅटिनच्या पानावर लोकभाषेला मिळाली ती समासातली जागा, आणि तेवढ्यावर ती हजार वर्षांहून अधिक टिकली. एंग्लिन आजही रचले जाते आणि आयस्तेद्वोदात त्याची स्वतंत्र स्पर्धा असते.

स्पर्धेची पहिली ठळक नोंद 1176ची आहे. रीस अप ग्रिफिद या राजपुरुषाने कार्डिगनच्या किल्ल्यात नाताळात मेळा भरवला. त्याची दवंडी वर्षभर आधी वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये फिरवली होती. खुर्च्या दोन होत्या, एक कवींमधल्या विजेत्याला आणि एक वादकांमधल्या विजेत्याला. वाद्यसंगीतात रीसच्याच दरबारातल्या तरुणाची सरशी झाली, तर कवितेत उत्तरेकडच्या ग्वीनेद प्रांताचे कवी वरचढ ठरले. यजमानाच्या घरी येऊन पाहुण्यांनी बाजी मारावी आणि ते इतिवृत्तात नोंदले जावे, हे या प्रथेच्या प्रामाणिकपणाचे जुने प्रमाण आहे.

पुढच्या काळात आयस्तेद्वोदाचे काम बदलले. 1451च्या सुमारास कारमार्दनला भरलेल्या मेळ्यात दाविद अब एदमुंद या कवीने वेल्श कवितेची चोवीस वृत्ते नव्याने बांधून दिली आणि नियम आणखी कडक केले. कायरविस या गावी 1523 आणि 1567 साली झालेले मेळे तर परीक्षेसारखेच होते. दुसरा मेळा राणी पहिल्या एलिझाबेथच्या आज्ञेने भरला. कवी म्हणवून घरोघर फिरणाऱ्यांची संख्या वाढली होती. खरे कोण आणि भिकेसाठी फिरणारे कोण, हे ठरवून खऱ्यांना परवाना द्यायचा आणि इतरांना कामाला लावायचे, असा हुकूम होता. मॉस्टिन घराण्याकडे मान म्हणून असलेली चांदीची छोटी हार्प या मेळ्यांशी जोडलेली आहे. परीक्षा पायरीपायरीने होई आणि वरची पायरी गाठायला गुरूकडे अनेक वर्षे काढावी लागत.

या परीक्षेत काय पाहत, हे समजून घेण्यासाठी कंगहानेद हा प्रकार जवळून पाहिला पाहिजे. वेल्शमधल्या बांधीव कवितेचा तो कणा. त्याच्या एका प्रकारात ओळीच्या पूर्वार्धातली व्यंजने त्याच क्रमाने उत्तरार्धात यावी लागतात. स्वर बदलले तरी चालतात. मराठीत त्याची कल्पना यावी म्हणून ‘काल मिळे, केली माळ’ एवढी छोटी ओळ घेता येईल. पहिल्या भागात क, ल, म, ळ ही व्यंजने आहेत आणि दुसऱ्या भागातही त्याच क्रमाने तीच आहेत. खऱ्या नियमात आघात आणि विराम यांचाही हिशेब असतो, शिवाय दुसऱ्या प्रकारांत यमक आणि अनुप्रास एकमेकांत गुंफावे लागतात. खुर्चीसाठी रचलेल्या दीर्घकाव्यात हे प्रत्येक ओळीत साधायचे असते. ओठांनी उच्चारायचे एकही अक्षर न वापरता निरोष्ठ रामायण रचणाऱ्या मोरोपंतांच्या वाचकांना या शिस्तीचे मोल सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की वेल्समध्ये ही शिस्त एका पंडितकवीचे वैशिष्ट्य राहिली नाही. मेंढपाळ, खाणकामगार, शिक्षक, पाद्री अशा सगळ्यांनी ती शिकून घेतली आणि म्हणूनच श्रोत्यांत बसलेल्या माणसाला चुकलेली ओळ कानाने कळते.

या शिस्तीला आव्हान आले ते केंब्रिजहून. एदमुंद प्रीस 1565 साली तिथल्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला, पुढे त्याच कॉलेजचा फेलो झाला आणि नंतर मेरियोनेथचा आर्चडीकन म्हणून वेल्समध्ये परतला. तो स्वतः कंगहानेदमध्ये तरबेज होता. विल्यम कनवाल हा त्याचा समकालीन, पेशाने कवी, कायरविसच्या 1567च्या मेळ्यात पदवी मिळवलेला. साधारण 1581मध्ये एका धनुष्याच्या मागणीवरून या दोघांत वाद सुरू झाला. मागणीचे काव्य पाठवायचे आणि उत्तरही काव्यात द्यायचे, ही त्या काळची रीत. धनुष्याचा विषय लवकरच मागे पडला आणि खरा कवी कोण, यावर दोघे भिडले. पन्नासहून अधिक कवितांची ही देवाणघेवाण कनवालच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे चालली. प्रत्येक मुद्दा, प्रत्येक टोला वृत्तात बसवलेला होता. कनवाल गेल्यावर प्रीसने त्याच्यावर शोककाव्यही रचले.

प्रीसचे म्हणणे असे होते की दरबारी कवी आश्रयदात्यांच्या खोट्या वंशावळी रचतात, नसलेल्या शौर्याची स्तुती करतात आणि नव्या विद्येकडे पाठ फिरवतात. कवीने धर्मशास्त्र वाचावे, निसर्गाचे ज्ञान मिळवावे, छापखान्याचा उपयोग करावा आणि खरे तेच गावे. कनवालचे उत्तरही भक्कम होते. कविता ही कला आहे, ती गुरूकडून शिकावी लागते. प्रीसला विद्यापीठाने पदवी दिली असेल, पण कवितेची पदवी त्याच्याकडे नाही. पाद्रीने पाद्रीचे काम करावे, असे त्याने सुनावले.

या वादात सहसा प्रीसला पुरोगामी आणि कनवालला जुनाट ठरवले जाते. ते अर्धेच खरे आहे. स्तुतिकाव्याचा साचा किडला होता, हे प्रीसने अचूक ओळखले. पण कवितेचा दर्जा तिच्या कारागिरीतून तपासला जावा आणि तो तपासण्याचा हक्क त्या कलेत मुरलेल्यांना असावा, ही कनवालची बाजू पुढच्या चारशे वर्षांनी उचलून धरली. विद्यापीठाची पदवी कवी घडवू शकत नाही, याचा पुरावा खुद्द केंब्रिजच्या स्पर्धांनी दिला. तो पुढे येईलच.

त्याआधी केंब्रिजचे ऋण नोंदवले पाहिजे. 1536च्या कायद्याने वेल्सच्या न्यायालयांतून वेल्श भाषा हद्दपार झाली होती. जमीनदार घराण्यांतली मुले इंग्लंडमध्ये शिकून इंग्रजी बोलत परतू लागली आणि कवींना पोसणारी घरे एकेक करून बंद झाली. कायरविसनंतर तशा तोलामोलाचा मेळा दीर्घकाळ भरला नाही. त्या पडझडीत भाषेला आधार मिळाला तो 1588च्या वेल्श बायबलचा. त्याचा अनुवादक विल्यम मॉर्गन हाही सेंट जॉन्स कॉलेजचाच, प्रीसच्याच काळातला. मॉर्गनने बोलीतली सैल भाषा न घेता कवींनी शतकानुशतके घासून ठेवलेली प्रौढ भाषा उचलली. दरबार संपले तरी ती भाषा दर रविवारी चॅपलच्या बाकांवर बसलेल्या शेतकऱ्याच्या कानावर पडत राहिली. प्रीसने पुढे स्तोत्रांचे पद्यरूपांतर केले, ते 1621 साली छापले गेले आणि घरोघर गायले गेले. कवींची परंपरा आणि विद्यापीठाची विद्या या वादात आमनेसामने होत्या, बायबलमध्ये त्या एकत्र आल्या. आधुनिक आयस्तेद्वोद ज्या साक्षर श्रोत्यांवर उभा राहिला, ते या पुस्तकाने घडवले.

आता केंब्रिजच्या स्वतःच्या स्पर्धा. टॉमस सीटन या क्लेअर कॉलेजच्या फेलोने मृत्युपत्रात आपल्या जमिनीचे उत्पन्न एका काव्यपारितोषिकासाठी ठेवले. विषय परमेश्वराच्या गुणांचा, स्पर्धक फक्त केंब्रिजचे एम.ए. असलेले. 1750 साली पहिले पारितोषिक ख्रिस्तोफर स्मार्टला मिळाले आणि 1755पर्यंत त्याने ते एकूण पाच वेळा पटकावले. या विजयी कविता आज अभ्यासकांखेरीज कोणी उघडत नाही. स्मार्ट मोठा कवी ठरला तो वेड्यांच्या इस्पितळात असताना लिहिलेल्या एका विलक्षण रचनेमुळे, आणि ती छापली गेली थेट 1939 साली. कोणत्याही परीक्षकाच्या नियमात ती बसली नसती.

दुसरी स्पर्धा कुलपतींच्या सुवर्णपदकाची. ते पदक 1813पासून विद्यार्थ्यांच्या इंग्रजी कवितेला दिले जाऊ लागले. मेकॉलेने ते 1819 आणि 1821 असे दोनदा मिळवले. हिंदुस्थानातल्या शिक्षणावर पुढे ज्याच्या टिपणाची छाया पडली तोच हा मेकॉले. 1829 साली विषय होता टिंबक्टू, म्हणजे परीक्षकांपैकी वा स्पर्धकांपैकी कोणी पाहिले नसेल असे आफ्रिकेतले शहर. ट्रिनिटी कॉलेजच्या अल्फ्रेड टेनिसनने दुसऱ्याच विषयावरची आपली जुनी कविता फिरवून, तिला नवा विषय जोडून पाठवली आणि पदक मिळवले. त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम हाही त्याच स्पर्धेत होता आणि हरला. याच ट्रिनिटीत शिकणाऱ्या थॅकरेने त्या विषयावर विडंबन लिहिले. सेनेट हाउसमध्ये विजयी कविता वाचण्याची वेळ आली तेव्हा टेनिसन संकोचाने पुढे झाला नाही; चार्ल्स मेरिव्हेल या मित्राने ती त्याच्यासाठी वाचली.

या प्रसंगात स्पर्धेचे सगळे दुबळेपण दिसते. विषय वरून लादलेला, त्याच्याशी कवीचे नाते नाही. स्पर्धक एकाच विद्यापीठातले. परीक्षण लोकांसमोर वाचायची रीत नाही, त्यामुळे जिंकलेल्याला आपण का जिंकलो आणि हरलेल्याला काय चुकले हे कळण्याची सोय नाही. श्रोते समारंभाला आलेले, कवितेच्या ओढीने आलेले नव्हेत. टेनिसन थोर कवी झाला तो या पदकाच्या बळावर नाही. ट्रिनिटीतल्या मित्रमंडळींत एकमेकांच्या कविता मोठ्याने वाचल्या जात, त्यांवर खडसून बोलले जाई. त्या खोल्यांनी त्याला पदकापेक्षा जास्त दिले.

वेल्समध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस मेळ्यांना पुन्हा जीव आला. 1789पासून लंडनमधल्या वेल्श मंडळींच्या ग्वीनेदिगियोन या संस्थेने त्यांना पैसा आणि शिस्त दिली. विषय आधी जाहीर करणे, कविता टोपणनावाने मागवणे, लेखी परीक्षण करणे ही चौकट तेव्हा पक्की झाली. त्याच सुमारास योलो मोर्गानुग या पाथरवट कवीने गोर्सेद नावाचे कविमंडळ उभे केले. 1792 साली लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर त्याचा पहिला विधी झाला आणि 1819 साली कारमार्दनला ते आयस्तेद्वोदाशी जोडले गेले. हे विधी द्रुइड या प्राचीन पुरोहितांपासून चालत आल्याचे योलो सांगे. ते त्याने स्वतःच रचले होते, हे विसाव्या शतकातल्या संशोधनाने सिद्ध केले. इतिहास म्हणून ते खोटे आहे आणि ते खोटे म्हणूनच शिकवले पाहिजे. पण पांढऱ्या, निळ्या, हिरव्या झग्यांतला तो समारंभ आज कवीला साऱ्या देशासमोर उभा करतो, आणि ते काम खरे आहे.

खरा धोका दुसरीकडून आला. 1847च्या सरकारी शिक्षण अहवालाने वेल्श लोकांना अडाणी आणि अनीतिमान ठरवले आणि त्याचे खापर त्यांच्या भाषेवर फोडले. त्या अपमानाने दुखावलेल्या मध्यमवर्गाला आपण सुधारलेले आहोत हे इंग्लंडला दाखवायचे होते. 1861 साली अबरदेरला पहिला राष्ट्रीय आयस्तेद्वोद भरला, पण पुढच्या वर्षांत व्यासपीठावर इंग्रजी भाषणे वाढली, समाजशास्त्रावरच्या निबंधांची इंग्रजी सत्रे सुरू झाली, मोठमोठ्या गायकवृंदांची गर्दी झाली. लंडनच्या टाइम्सने 1866 साली हा सारा खटाटोपच निरर्थक ठरवला. ज्यांची मर्जी राखण्यासाठी भाषा मागे सारली, त्यांची मर्जी काही मिळाली नाही. कविताही फुगली होती. अमूर्त विषयांवरच्या लांबलचक, शब्दबंबाळ रचनांना खुर्च्या मिळत होत्या.

या दोषांची दुरुस्ती परीक्षकांनी केली, आणि आयस्तेद्वोदाचे सामर्थ्य इथेच दिसते. बँगोरचे प्राध्यापक जॉन मॉरिस-जोन्स व्यासपीठावरून परीक्षण वाचताना चुकीचे शब्द, मोडलेली ओळ, उसना अलंकार एकेक करून दाखवत. हजारो माणसे ते ऐकत आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचत. 1902 साली बँगोरला टी. ग्विन जोन्स या पत्रकाराला राजा आर्थरच्या निरोपावरील काव्यासाठी खुर्ची मिळाली. तिथून वेल्श कवितेचे नवे युग मोजतात. ग्विन जोन्सने विद्यापीठात शिक्षण घेतले नव्हते. तो पुढे ॲबरिस्टविथला प्राध्यापक झाला. कनवालचा मुद्दा असा खरा ठरला.

1917 साली बर्कनहेडला झालेल्या खुर्चीसमारंभाची आठवण वेल्समध्ये आजही निघते. विजेत्याचे टोपणनाव पुकारले गेले आणि कोणी उभे राहिले नाही. ते नाव एलिस हम्फ्री एव्हान्सचे, म्हणजे हेद विन या नावाने लिहिणाऱ्या ट्रॉसव्हिनिदच्या मेंढपाळाचे होते. तो 31 जुलैला फ्लँडर्सच्या लढाईत मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळे वस्त्र घातले गेले. त्याचे शिक्षण लहानपणीच सुटले होते. वृत्ते तो घरी आणि गावोगावच्या छोट्या आयस्तेद्वोदांत शिकला.

त्या समारंभाचा क्रम आजही तसाच आहे. तीन परीक्षकांपैकी एक जण मंचावर येऊन स्पर्धकांच्या कवितांचा टोपणनावांनिशी परामर्श घेतो, दोष आणि गुण सांगतो, शेवटी विजेत्याचे टोपणनाव उच्चारतो. कर्णा वाजतो आणि मंडपातल्या अंधारातून एक माणूस उभा राहतो. शेजारच्यालाही तोवर ठाऊक नसते. अर्धी उपसलेली तलवार डोक्यावर धरून शांतता आहे का, असे तीनदा विचारले जाते आणि सारा मंडप ‘शांतता’ म्हणून उत्तर देतो. कविता पात्रतेच्या नसतील तर पारितोषिक रोखून धरतात. नियमही माणूस पाहून वाकत नाहीत. 1976 साली कार्डिगनला डिक जोन्सचे काव्य सर्वोत्तम ठरले होते, पण तो समितीत असल्याने अपात्र ठरला आणि खुर्ची ॲलन लुइडला गेली. त्याच आठवड्यात विजयी रचना आणि सगळी परीक्षणे एका पुस्तकात विक्रीला येतात आणि लोक ती गवतावर बसून वाचताना दिसतात.

भाषेचा निर्णय 1937च्या घटनेत झाला आणि 1950 साली केअरफिलीपासून काटेकोरपणे अमलात आला: मंचावर फक्त वेल्श. त्यावर संकुचितपणाचा आरोप झाला आणि आजही होतो. पण 1901 साली वेल्समधली जवळपास निम्मी माणसे वेल्श बोलत होती, 2021च्या जनगणनेत हे प्रमाण 17.8 टक्के होते. इतक्या ओसरलेल्या भाषेला वर्षातले आठ दिवस एक पूर्ण जागा मिळावी, हे मागणे मोठे नाही. इतरांसाठी कानाला लावायच्या यंत्रातून भाषांतर मिळते. संगीतासाठी सर्व भाषांना खुले दालन 1947पासून लँगॉलेनच्या आंतरराष्ट्रीय आयस्तेद्वोदात आहेच. 1955 साली मोदेनाच्या गायकवृंदातून तरुण पावारोत्ती तिथे गायला होता. राष्ट्रीय आयस्तेद्वोदाचा खरा दोष दुसरा होता. मुकुट एका स्त्रीला, दिलिस कादवालादर हिला, प्रथम 1953 साली मिळाला, आणि खुर्चीला मेरेरिद हॉपवुडपर्यंत, म्हणजे 2001पर्यंत थांबावे लागले. टोपणनावामुळे परीक्षक पक्षपात करू शकत नव्हते. पण वृत्तांचे शिक्षण बहुतांश पुरुषांच्या बैठकींतच मिळत होते. वृत्तांचे वर्ग सर्वांना खुले झाल्यावर चित्र पालटू लागले.

केंब्रिजशी नाते विसाव्या शतकात पुन्हा जुळले, या वेळी अभ्यासातून. रेचल ब्रॉमविच यांनी तिथे दीर्घकाळ केल्टिक भाषासाहित्य शिकवले आणि वेल्श त्रयींची, म्हणजे तीन-तीनांच्या गटांत बांधलेल्या जुन्या नोंदींची, त्यांची 1961ची संपादित आवृत्ती आजही आधारग्रंथ आहे. रोवन विल्यम्स हे केंब्रिजमध्ये शिकलेले कवी आणि धर्मगुरू. 2002 साली त्यांना गोर्सेदमध्ये घेतले तेव्हा ते कँटरबरीचे आर्चबिशप होऊ घातले होते, आणि झगा घातला म्हणून इंग्लंडमधल्या काहींनी त्यांच्यावर मूर्तिपूजकतेचा आरोप केला. प्रीसच्या वारसांनी कनवालच्या सभेत जाऊन बसायला चार शतके लागली.

महाराष्ट्राला हे परके वाटू नये. कलगी आणि तुरा या पंथांचे शाहीर रात्रभर सवाल-जवाबांत भिडत, तेव्हा कोणाचे उत्तर अडले हे समोरच्या श्रोत्यांना त्याच क्षणी कळे. आज मराठीत काव्यस्पर्धांची उणीव नाही. उणीव आहे ती परीक्षणाची: निकालपत्रावर तीन नावे येतात, त्यांमागची कारणे येत नाहीत आणि उरलेल्यांची पाने रद्दीत जातात. कविता स्पर्धेत पाठवणाऱ्यांनी आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी एवढी एक अट धरावी, की परीक्षकाने आपले मत नावानिशी, कारणांसह लिहावे आणि ते छापले जावे.